काही तासांपुरती हरवलेली स्मृती

तात्पुरता सर्वंकष स्मृतिलोप, म्हणजेच डॉक्टरांच्या भाषेत ‘ट्रान्झिएंट ग्लोबल ॲम्नेशिया’, हा असा विकार आहे, की ज्यात नव्या आठवणी साठवण्याची मेंदूची क्षमता अचानक थांबते आणि २४ तासांच्या आत, बहुधा काही तासांतच, आपोआप पूर्ववत होते. बॉस्टनचे मज्जाविकारतज्ज्ञ मिलर फिशर आणि रेमंड ॲडम्स यांनी १९५८ मध्ये त्याचे हे नामकरण केले. तो प्रामुख्याने पन्नास ते सत्तर या वयात आढळतो.

हिंदी चित्रपटांनी रुजवलेली स्मृती गेलेल्या माणसाची प्रतिमा येथे लागू पडत नाही. रुग्णाला स्वतःचे नाव ठाऊक असते, घरची माणसे ओळखता येतात, बोलणे स्पष्ट असते आणि सवयीची कामेही जमतात. मात्र ‘आज वार कोणता, मी इथे कसा आलो’ असे विचारून, उत्तर ऐकून, काही मिनिटांत तो तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारतो, कारण ऐकलेले उत्तर मनात टिकतच नाही. मागील काही दिवसांच्या, क्वचित काही वर्षांच्या आठवणीही तेवढ्यापुरत्या हाती लागत नाहीत.

याचे मूळ मेंदूच्या दोन्ही कानशिलांकडील भागांत खोलवर असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’मध्ये आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला, आणि २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. या विकारात तेच कार्य काही तास स्थगित होते. ते का, हे विज्ञानाला अद्याप निश्चित उलगडलेले नाही, तरी थंड पाण्यात उतरणे, अतिश्रम किंवा तीव्र मानसिक धक्का यांनंतर झटका आल्याच्या नोंदी आहेत. एमआरआयमध्ये दिसणारा बारीक ठिपका बहुधा एक ते तीन दिवसांनी उमटतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची तपासणी स्वच्छ आली तरी निदान खोटे ठरत नाही.

निदान पक्के झाल्यावर औषधाची गरज नसते, पक्षाघाताचा धोका वाढत नाही आणि बहुतेकांना हा झटका पुन्हा येत नाही. हरवलेल्या तासांची आठवण मात्र सहसा परतत नाही. परंतु हे निदान घरी करण्याचे नव्हे. पक्षाघात, अपस्मार, डोक्याला लागलेला मार, मधुमेहींमध्ये उतरलेली साखर किंवा झोपेच्या गोळ्या यांतही अशीच विस्मृती दिसू शकते, आणि पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून ‘झोपल्यावर बरे वाटेल’ असे म्हणत मुंबईतल्या गिरगाव, दादर किंवा लालबागमधल्या कोणत्याही घराने थांबू नये. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर किंवा भायखळ्याचे जे. जे. यांपैकी जवळचे रुग्णालय तातडीने गाठावे, रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता ती वेळ लिहून घ्यावी आणि त्याची नेहमीची औषधे सोबत न्यावीत.