विखुरलेले कागद, एकच दप्तर

हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या एका आप्तांच्या वाड्यांत गेल्या दिवाळींत चार भावंडें जमलीं, तीं केवळ फराळासाठीं नव्हे. लाल रुमालांत बांधलेलें घरचें दप्तर सोडावयाचें होतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें कांहीं कागद उर्दूंत, कांहीं मोडींत आणि पुढचे बाळबोधींत. प्रत्येकानें आपल्या वांट्याच्या कागदांचीं चित्रें संगणकांत घेतलीं. फायली झाल्या तेवीस. एका कचेरीनें मात्र सर्व कागद एकाच फायलींत मागितले होते.

ज्या पीडीएफ प्रकारच्या या फायली, तो अॅडोबी कंपनीनें १९९३ मध्यें पुढें आणला आणि २००८ मध्यें तो आंतरराष्ट्रीय मानक ठरला. अशा फायलींतील पानें, चित्रें व अक्षरवळणें यांना क्रमांक असतात, आणि कोणती वस्तु कोठें आहे याची सूची बहुधा शेवटीं असते. म्हणून दोन फायली नुसत्या एकापुढें एक ठेवून भागत नाहीं. जोडणारी आज्ञावली सर्वांस नवे क्रमांक देते व नवी सूची लिहिते. हें काम ती क्षणांत उरकते. परंतु कोणतें पान आधीं आणि कोणतें नंतर, हें माणसानेंच पाहावयाचें असतें.

नेमकी तेथेंच चूक झाली. फायलींना १ पासून २३ पर्यंत नांवें दिलेलीं होतीं. कित्येक आज्ञावल्या नांवें अक्षरक्रमानें लावतात. मग १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ मागें पडतो. वांटणीपत्राचा आरंभ एकीकडे व शेवट दुसरीकडे गेला. "पाठविण्यापूर्वीं एकदां मला वाचून दाखवा रे," असें आत्याबाई म्हणाल्या. वाचन संपलें, तेव्हां त्यांनीं हळूच विचारलें, "माझा शेरा कोठें आहे?"

वांटणीपत्राच्या पाठीवर आजोबांनीं स्वहस्तें लिहिलें होतें, कीं विधवा लेकीस मागील दोन खोल्या व आडाचें पाणी तहहयात असावें. ती पाठ कोणीं टिपलीच नव्हती! ऐंशीच्या घरांतल्या त्या माउलीपुढें चौघांच्याही माना खालीं गेल्या.

याच जिल्ह्यांतील नरसी हें परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्यांचे अभंग अनेक बाडांत विखुरलेले होते. ते एकत्र करतांना पुढील काळांतील विष्णुदास नामा यांच्याही रचना त्यांत मिसळल्या, आणि कोणती कोणाची हें निवडतांना अभ्यासकांस फार श्रम पडले. उलट १६०४ मध्यें गुरु अर्जुनदेवांनीं पंजाबांत आदिग्रंथ सिद्ध केला, त्यांत नामदेवांचीं ६१ पदें त्यांच्या नांवानिशीं आलीं. एकत्र करावें, पण मूळ पुसूं नये, हाच यांतील बोध.

म्हणून आमच्या वाचकांस सुचवावेंसें वाटतें, कीं फायलींस ०१, ०२ अशीं नांवें द्यावीं, त्यांपुढें कागदाचें वर्ष लिहावें, आणि प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू टिपाव्या. जोडण्यापूर्वींची व नंतरची पानें मोजून ताडून पाहावीं. मूळ फायली दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपाव्या, आणि लाल रुमाल तर कधींच टाकूं नये.

त्या घरचें दप्तर आतां पुन्हां नीट जोडलें गेलें आहे. त्यांतील वांटणीपत्राच्या पाठीस स्वतंत्र खूण आहे, आणि त्या खुणेस आत्याबाईंचें नांव दिलें आहे.