कोणाची सेना? : कल्पित आंतरराष्ट्रीय सेनापत्य आणि षष्ठीचा अर्थ

१. विषय आणि त्याची मर्यादा

इतिहास एखाद्या वळणावर निराळ्या वाटेने गेला असता तर काय झाले असते, ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोहोचतात, की जेथे १७६१ सालची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. पाश्चात्त्य चित्रकथांनी या कल्पनेला आणखी एक जोड दिली. त्यांच्या पर्यायी इतिहासात अतिमानवी सामर्थ्याचे नायक वावरतात. आणि त्या नायकांचा उपयोग करून घेण्यासाठी, अथवा त्यांना आवर घालण्यासाठी, सर्व राष्ट्रांच्या वतीने चालणारे एखादे लष्करी सेनापत्य उभे केलेले असते. आमचे विद्यार्थी या कथा आवडीने वाचतात, त्यांवरील चित्रपट पाहतात आणि क्वचित त्यांचे मराठी भाषांतरही करू पाहतात. तसे करताना 'कमांड' या शब्दापाशी लेखणी अडते. ती का अडते, याचा शोध घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कथांच्या वाङ्मयीन गुणावगुणांचा विचार येथे केलेला नाही.

२. कल्पित नावाची घडण

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध संस्था म्हणजे १९६५ साली अमेरिकन चित्रकथेत अवतरलेली 'शील्ड'. स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे तिचे जनक. 'शील्ड' म्हणजे ढाल. पण हा शब्द एका लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून जुळवलेला आहे, आणि त्या नावाचा आरंभ 'सुप्रीम हेडक्वार्टर्स', म्हणजे सर्वोच्च मुख्यालय, या शब्दांनी होतो. हे शब्द लेखकांनी कल्पनेतून काढलेले नाहीत. १९५१ साली पश्चिम युरोपच्या संरक्षणासाठी जे संयुक्त लष्करी मुख्यालय प्रत्यक्ष स्थापन झाले, त्याच्या नावाचा आरंभही याच दोन शब्दांनी होतो. कल्पित संस्थेला खरेपणा येतो तो अशा उसन्या शब्दांमुळे.

परंतु ही उसनवारी पुरती नाही. प्रत्यक्षातील नावात पुढे 'मित्रराष्ट्रे' हा शब्द येतो. म्हणजे मुख्यालय कोणाचे, याचे उत्तर नावातच दिलेले आहे. कल्पित नावात त्या जागी 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण येते. स्वामी गेला आणि विशेषण राहिले. 'मित्रराष्ट्रांचे मुख्यालय' म्हटले की ती राष्ट्रे कोणती, असे विचारता येते. 'आंतरराष्ट्रीय मुख्यालय' म्हटले की हा प्रश्नच सुचत नाही.

कथेत मात्र तो केव्हा ना केव्हा डोके वर काढतोच. याच कथामालेवरील २०१६ सालच्या एका चित्रपटात ११७ राष्ट्रे एक करार करून सर्व अतिमानवी नायकांना संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या आज्ञेखाली आणतात. आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढणारे नायक आपापसांतच लढू लागतात. बाहेरचा शत्रू त्यांना फोडू शकला नव्हता. आज्ञा कोणाची मानावयाची, या एका प्रश्नाने त्यांच्यात फूट पडते.

३. मराठीची साक्ष

इंग्रजीतील 'कमांड' या एका शब्दात तीन अर्थ एकत्र नांदतात : दिलेली आज्ञा, आज्ञा देण्याचा अधिकार, आणि त्या अधिकाराखालील सैन्य वा प्रदेश. मराठीत या तिहींसाठी तीन शब्द लागतात. आज्ञा वा हुकूम हा पहिला, आधिपत्य वा सेनापत्य हा दुसरा. तिसऱ्यासाठी सोयीचा रूढ शब्द नसल्यामुळे पुण्यातील लष्करी मुख्यालयाचा उल्लेख करताना आपण 'दक्षिण कमांड' असेच म्हणतो. राजकारणातील 'हायकमांड' हा शब्द तर मराठीने पुरता आपलासा केला आहे. आणि तो वापरणाऱ्यालाही ती नेमकी कोण, हे उघड न सांगण्याची सोय असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सैन्यवाचक शब्द मराठीत निरनिराळ्या दिशांनी आले. सेना आणि दल हे संस्कृतातले, लष्कर फारसीतले, फौज अरबीतून फारसीमार्गे आलेला, तर आरमार हा पोर्तुगीजांकडून. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास 'सरनोबत' हे पद 'सेनापती' झाले. पण पुढे फारसी 'सर' हा उपसर्ग संस्कृत शब्दालाच जोडला जाऊन 'सरसेनापती' हा संकरित शब्द रूढ झाला. शब्दांची कुळे अशी बदलली, तरी एक गोष्ट बदलली नाही. हे शब्द वाक्यात येताना बहुधा षष्ठी घेऊन येतात : पेशव्यांची फौज, होळकरांचे लष्कर, आंग्र्यांचे आरमार.

ही षष्ठी मात्र एकाच अर्थाची नसते. 'राजाची सेना' यात षष्ठी स्वामित्व दाखविते. 'वानरांची सेना' यात ती सेना कोणाची बनलेली आहे हे दाखविते. ती सेना वानरांची असली तरी कार्य रामाचे आहे. 'शांतीची सेना' असे म्हटले तर तिसराच अर्थ निघतो, तो प्रयोजनाचा. समास केला की विभक्तिप्रत्यय लोपतो आणि हे तिन्ही अर्थ एकाच रूपात दडून बसतात. राजसेना, वानरसेना, शांतिसेना ही रूपे दिसावयास सारखी आहेत. विग्रह केल्यावाचून त्यांतील भेद कळत नाही. 'आंतरराष्ट्रीय सेना' या पदातही असेच घडते. ती अनेक राष्ट्रांतील सैनिकांची बनलेली, की अनेक राष्ट्रांच्या मालकीची, की सर्व राष्ट्रांच्या हितासाठी असलेली? कल्पित कथा या तीन अर्थांवरून बेमालूम घसरत जाते. पण तशीच घसरण प्रत्यक्ष इतिहासातही झाली आहे.

४. सनदेतील सेना

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत एका आंतरराष्ट्रीय सैन्याची स्पष्ट योजना आहे. ४३ व्या कलमान्वये सदस्यराष्ट्रांनी करार करून सुरक्षा समितीसाठी सैन्य उपलब्ध करून द्यावयाचे होते. आणि ४७ व्या कलमान्वये पाच कायम सदस्यांच्या सेनाप्रमुखांच्या समितीने त्या सैन्याला दिशा दाखवावयाची होती. याच कलमात पुढे असे सांगितले आहे, की या सैन्याच्या सेनापत्याविषयीच्या प्रश्नांचा निर्णय मागाहून केला जाईल. जगाच्या सेनेचा आराखडा तयार झाला, पण आज्ञा कोणी द्यावयाची ही ओळ कोरी ठेवण्यात आली. १९४७ मध्ये समितीने अहवाल दिला, तेव्हा महासत्तांतील मतभेद उघड झाले. ४३ व्या कलमाखाली एकही करार झाला नाही. सेनाप्रमुखांची समिती आजही अस्तित्वात आहे. तिच्या आधिपत्याखाली यावयाचे सैन्य मात्र कधीच जन्मास आले नाही.

कोरियातील युद्धात ही कोरी ओळ दुसऱ्याच शाईने भरली गेली. जुलै १९५० च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांचा ध्वज वापरण्याची अनुज्ञा मिळाली, पण सेनापती नेमण्याचा अधिकार अमेरिकेकडे गेला. ध्वज एकाचा आणि आज्ञा दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होती.

१९५३ च्या युद्धविरामानंतर तेथेच निराळ्या तऱ्हेचा एक प्रयोग झाला, आणि त्याचे नेतृत्व एका मराठी सेनानीकडे आले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करण्यासाठी भारताने एक दल पाठविले. मेजर जनरल शं. पां. पा. थोरात हे त्याचे प्रमुख होते. ज्या तटस्थ आयोगासाठी हे दल काम करीत होते, त्यात भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया ही पाच राष्ट्रे होती आणि जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते. या दलाच्या इंग्रजी नावात 'राखणदार' या अर्थाचा शब्द होता आणि 'भारत' हाही होता. ते कोणाचे आणि कशासाठी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नावातच होती. त्याचे काम मर्यादित होते, आणि १९५४ मध्ये ते आटोपून दल परत आले.

५. वर्ध्याची सेना

ज्या जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे, त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनारही आहेत. आणि शस्त्रावाचून लढणाऱ्या सेनेच्या कल्पनेचा या दोन्ही स्थळांशी निकटचा संबंध आहे. गांधीजी सेवाग्रामी राहत असताना, १९३८ साली, त्यांनी 'हरिजन'मध्ये शांतिदलाच्या सैनिकाची लक्षणे सांगितली. त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. असा सैनिक एकटाही काम करू शकतो, त्याने सोबत्यांची वाट पाहत बसू नये. आणि आपल्या परिसरातील लोकांशी त्याने सेवेच्या द्वारे आधीपासूनच ओळख जोडलेली असावी. येथे 'सैनिक' या शब्दातून आज्ञेची वाट पाहणे हा अर्थ काढून घेतलेला आहे. तथापि षष्ठी मात्र काढून टाकलेली नाही. हा सैनिक ज्यांच्यात राहतो त्यांचा आहे; दंगलीच्या दिवशी लोक त्याचे ऐकतील ते याच नात्याच्या बळावर.

पवनारच्या विनोबांनी १९५७ साली केरळमध्ये शांतिसेनेची स्थापना केली, तेव्हा हाच अर्थ संख्येत मांडला. दर पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक असावा, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब पलटणींचा नव्हे, शेजाराचा आहे. शांतिसेना हा समास सोडविताना 'शांतीसाठी सेना' एवढाच विग्रह केला, तर त्यातील 'शेजाऱ्यांची सेना' हा अर्थ हातून निसटतो.

तो निसटल्यास काय होते, हे पुढील घटनांवरून दिसते. युद्धविरोधकांची जागतिक परिषद डिसेंबर १९४९ मध्ये शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे भरली होती. त्या परंपरेतूनच पुढे, १९६२ च्या आरंभी, लेबनॉनमधील ब्रुमाना येथे विश्वशांतिसेना स्थापन झाली. जयप्रकाश नारायण हे तिच्या तीन अध्यक्षांपैकी एक होते. चीनशी झालेल्या युद्धानंतर, १ मार्च १९६३ रोजी, शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीहून पेकिंगच्या दिशेने मैत्रीयात्रा निघाली. यात्रिकांत निरनिराळ्या देशांचे लोक होते आणि त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पूर्व पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि चीन यांनी प्रवेश नाकारला आणि यात्रा १९६४ च्या आरंभी आसामातच थांबली. गावच्या शांतिसैनिकाला गाव ओळखत होते. जगाच्या शांतिसैनिकाला सीमेपलीकडे आपला म्हणणारे कोणी नव्हते.

याचा अर्थ प्रयत्न व्यर्थ गेला, असा नाही. याच विचाराला धरून १९८१ साली कॅनडात दुसरी एक आंतरराष्ट्रीय शांतिसंघटना निघाली. तिचे स्वयंसेवक ज्यांचा जीव धोक्यात आहे अशा स्थानिक कार्यकर्त्यांच्या सोबत राहतात, आणि तेही त्या कार्यकर्त्यांच्या बोलावण्यावरून. म्हणजे आधी संबंध आणि मग सैनिक, हा सेवाग्रामचा क्रम तेथे पुन्हा आला.

६. समारोप

अतिमानवी नायकांची कथा, संयुक्त राष्ट्रांची सनद आणि सेवाग्रामची शांतिसेना यांना एका पंक्तीत बसविणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु तिन्ही ठिकाणी अडचण एकच आहे. जगाची म्हणून एखादी सेना कल्पिणे सोपे आहे, तिला नाव देणे त्याहूनही सोपे. कठीण आहे ते त्या नावाचा विग्रह करणे. म्हणून भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची एवढीच सूचना आहे. 'आंतरराष्ट्रीय कमांड' हे शब्द समोर आले, की मराठी प्रतिशब्द शोधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ती कोणाची बनलेली आहे, कोणाच्या आज्ञेत आहे, आणि कोणासाठी आहे? तिन्ही उत्तरे मिळाली तर शब्द आपोआप सुचेल. मधले उत्तर मिळाले नाही, तर दोष आपल्या शब्दसंग्रहाचा नव्हे. मूळ नावातच ती जागा रिकामी आहे, आणि भाषांतरकाराने ती परस्पर भरून टाकू नये.