कपाशीची पाने भेंडीसारखी का होतात?



सिल्लोड, कन्नड, पैठण, गंगापूर या भागांत कपाशीच्या बांधाला लागून मका नाहीतर ऊस असतो. त्यातले रुंद पानांचे तण मारायला ‘टू-फोर-डी’ फवारतात. मग थोड्याच दिवसांत शेजारच्या कपाशीचे शेंडे पिळवटतात, पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात, पाते गळते. पुष्कळ जण याला विषाणूचा रोग समजून कीटकनाशकावर पैसे घालतात. हा रोग नव्हे. झाडाच्या आत काय बिघडते, ते पाहू.

जोडीने चालणारी प्रथिने

झाडाच्या पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. पान कसे वाढवायचे, खोड कसे वाढवायचे, याच्या सूचना त्यावर अक्षरांसारख्या मांडलेल्या असतात. कोणती सूचना केव्हा चालवायची, हे काही प्रथिने ठरवतात. त्यांना आपण नियंत्रक प्रथिने म्हणू.

एका बैलावर नांगर चालत नाही, तसेच इथेही आहे. वाढीची नियंत्रक प्रथिने जोडीने काम करतात. डीएनएवर समोरासमोर दोन खुणा असतात. एक प्रथिन एक खूण धरते, दुसरे दुसरी धरते, आणि दोघे एकमेकांनाही धरून राहतात. म्हणून पकड पक्की बसते. जू आखूड-लांब झाले तर बैल नीट जुंपता येत नाहीत. तसेच या दोन खुणांमधले अंतरही, साधारण सात-आठ अक्षरांचे, जुळावे लागते. स्पेन व नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी 2014 साली या जोडीची रचना उलगडून दाखवली.

लोढणे सुटले की

ही जोडी मोकाट सुटू नये म्हणून तिच्या गळ्यात दुसऱ्या एका प्रथिनाचे लोढणे असते. झाडात ‘ऑक्झिन’ हे वाढीचे द्रव्य तयार झाले, की लोढणे मोडते व जोडी कामाला लागते. काम झाले, की झाड ऑक्झिन कमी करते आणि लोढणे पुन्हा पडते.

टू-फोर-डी हे ऑक्झिनचे सोंग घेते आणि लोढणे मोडते. पण कपाशीला ते लवकर जिरवता येत नाही. जोडी थांबतच नाही, वाढ वेडीवाकडी होते. मका, ऊस ही एकदल पिके योग्य वयात व योग्य मात्रेत ते बरेचसे पचवतात. कपाशीला मात्र नेहमीच्या मात्रेचा शंभरावा हिस्सा उडून आला, तरी बाधतो.

काय करावे?

1. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नुसता पाण्याने खळबळून तोच पंप कपाशीला वापरू नका.
2. वारा कपाशीकडे वाहत असेल तर फवारणी थांबवा. नोझल जमिनीलगत धरा, थेंब मोठे पडू द्या.
3. कपाशीजवळ एस्टर प्रकारचे टू-फोर-डी वापरू नका. उन्हात त्याची वाफ होऊन ती दूर जाते.
4. फवारा उडाल्याचे लगेच कळले, तर झाडे स्वच्छ पाण्याने धुवा.
5. यावर उतारा औषध नाही. बाधा थोडी असेल तर नवी फूट सरळ येते. तोवर पाण्याचा ताण पडू देऊ नका. पीक ठेवावे की मोडावे, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवून ठरवा.

आणि फवारणीआधी बांधावरच्या शेजाऱ्याला एक शब्द सांगा. त्याची कपाशी वाचेल, तुमचा शेजारही राहील.