‘फ्लॅट’ दाबलं की झालं?

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. त्यांना लागणारे हूड, डक्ट, मोटारींचे गार्ड पत्र्याचे असतात. अशा कामाचं ड्रॉइंग आता अनेकदा स्टेप फाइल म्हणून येतं आणि सोबत एक समजूतही येते: फाइल उघडा, भाग सपाट उलगडणारं ‘फ्लॅट’ दाबा, लेझरला पाठवा.

पण स्टेपमधून सहसा येतो तो निव्वळ आकार. बेंड कुठले, के-फॅक्टर (वाकताना लांबी न बदलणारा थर जाडीत कुठे आहे, त्याचं प्रमाण) किती, हे मूळ सॉफ्टवेअरमध्येच राहतं. सॉलिडवर्क्समध्ये ‘इन्सर्ट बेंड्स’ किंवा ‘कन्व्हर्ट टू शीट मेटल’ वापरून ते नव्याने ठरवावं लागतं. पेटीचे चारही कोपरे बंद असतील तर गाडी तिथेच अडते, कारण कोपरा कुठे फाडायचा हे माणसानेच सांगायचं असतं.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: बाहेरची मापं जोडली की कटिंगची लांबी मिळते. 2 मिमी पत्र्याचा 50-100-50 मिमीचा यू-चॅनल घ्या. बेरीज 200. आतली त्रिज्या 2 मिमी आणि के-फॅक्टर 0.44 धरला तर लांबी येते सुमारे 193. के-फॅक्टर 0.33 धरला तर 192.4. फाइल तीच, भोकं मात्र जागेवर बसत नाहीत.

त्रिज्या तरी मॉडेलमधलीच मिळते का? एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, तीही नाही. माइल्ड स्टीलला 16 मिमीच्या व्ही-डायवर ती साधारण 2.5 मिमी येते, स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो. म्हणून जाणता ऑपरेटर आधी एक पट्टी वाकवून मोजतो.

पत्रा म्हणजे पत्रा, हेही खरं नाही. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात हॉट रोल्ड कॉइल तयार होते. अशा पत्र्याला रोलिंगची दिशा असते. बेंडची रेषा तिला समांतर आली तर तडा जाण्याची भीती वाढते. पत्रा वाचवायला नेस्टिंगमध्ये, म्हणजे एका पत्र्यावर भाग दाटीने मांडताना, भाग फिरवला जातो, तेव्हा हे हमखास विसरलं जातं.

आणि काही आकार सपाट होतच नाहीत. रिअ‍ॅक्टरचा डिश एंड, म्हणजे टोकाचं वाटीसारखं झाकण, दोन्ही दिशांनी वळलेला असतो. करवंटी न फोडता सपाट करता येत नाही, तसंच हे. असा पृष्ठभाग ताणल्याशिवाय उलगडत नाही, हे गाउसने 1827 मध्ये गणिताने दाखवलं होतं. त्यामुळे ब्लँकचा, म्हणजे कापायच्या सपाट चकतीचा, व्यास अनुभवसिद्ध सूत्रांनी काढतात. त्याच रिअ‍ॅक्टरचं नळकांडं मात्र सरळ उलगडतं: आतला व्यास 1000 मिमी, पत्रा 8 मिमी, तर जाडीच्या मध्यावरचा व्यास 1008 गुणिले पाय (π), म्हणजे सुमारे 3167 मिमी.