पदवी बायोडेटापुरती नको!

मैत्रिणींनो, हल्ली स्थळांचे बायोडेटा चाळताना मुलींच्या नावापुढे 'एमबीए' हमखास दिसतं. आमच्या कुरुंदवाड, नरसोबावाडी भागातही त्याचं आता नवल राहिलेलं नाही. पण लग्नानंतर चार-पाच वर्षांनी त्याच मुलींची चौकशी करा. 'सध्या घरीच असते' हे उत्तर किती जणींबाबत ऐकायला मिळतं! मग वाटतं, इतकं शिकवलं ते फक्त चांगलं स्थळ मिळावं म्हणूनच का?

राज्यात या नोकऱ्यांचं चित्र कसं बदललं, ते आधी बघू या. पूर्वी आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की साखर कारखाना, सूतगिरणी नाहीतर बँक डोळ्यांसमोर यायची. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आयटी, विमा, खासगी बँका वाढल्या. त्यांच्याबरोबर एचआर, मार्केटिंग, फायनान्स अशा विभागांत मुलींना दारं उघडली. आता परदेशी कंपन्या आपली हिशेबाची, संगणकाची कामं करणारी मोठी केंद्रं इथे काढताहेत. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी वेगळं धोरणही आणलं. पण हा सगळा पसारा मुख्यतः मुंबई-पुण्याकडे, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, हिंजवडी, खराडी इथे. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतही अकाउंट्स, एचआर, खरेदी विभागात कामं मिळतात. पण मोठ्या हुद्द्याच्या जागा मोजक्याच.

म्हणजे पुढे जायचं तर मुलीला घर सोडावं लागणार. लीना नायर कोल्हापुरात वाढल्या. सांगलीच्या वालचंद कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंग केलं, मग जमशेदपूरला जाऊन व्यवस्थापन शिकल्या. १९९२ मध्ये त्या हिंदुस्थान लिव्हरमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या आणि २०२२ मध्ये 'शनेल' या जगप्रसिद्ध कंपनीच्या प्रमुख झाल्या. मधे किती वर्षं गेली ते मोजा. तब्बल तीस!

खरी मेख इथेच आहे. या क्षेत्रात पदवीने दार उघडतं, पण बढती मिळते ती अनुभवावर. साधारण अठ्ठावीस ते पस्तीस या वयात मुलगी टीम लीडरची मॅनेजर व्हायची असते. नेमकं त्याच वेळी लग्न, नवऱ्याची बदली, बाळंतपण, आजारी सासू-सासरे असं सगळं एकदम येतं. एकदा नोकरी सुटली की मागून आलेले पुढे निघून जातात.

कायद्याने थोडाफार आधार दिलाय. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची पगारी रजा १२ ऐवजी २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, हा २०१३ चा कायदा. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान एक स्त्री सक्तीची केली. पण खुर्चीपर्यंत पोचायला आधी मधल्या पायऱ्यांवर टिकायला हवं ना!

मग आपण काय करायचं? शिक्षणासाठी, २०२४-२५ पासून राज्याने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे, त्याची कॉलेजात नीट चौकशी करा. लग्न ठरवताना देण्याघेण्याइतकंच स्पष्ट विचारा, 'नोकरी चालू राहील ना? बाळ कोण सांभाळेल?' मुलीनेही ऑफर लेटर घेताना रजा आणि पाळणाघराबद्दल बेधडक विचारावं. आणि खंड पडलाच तर हातपाय गाळू नयेत. अशा स्त्रियांना परत आणण्यासाठी टाटा समूहाने २००८ मध्येच खास उपक्रम सुरू केला होता. तोवर जयसिंगपूर, इचलकरंजीत एखाद्या सीएकडे जीएसटीचं, हिशेबाचं काम करत राहिलं तरी हात चालू राहतो आणि अनुभवात भर पडते.

नातवंडाला सहा महिने सांभाळणारी सासू आणि डबा भरणारा नवरा, हे दोघं घरात असतील, तर आपल्या भागातली सूनसुद्धा मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचेल. त्यासाठी आधी आपण सासवांनी आणि आयांनी मन मोठं करायला हवं, नाही का?