शाफ्ट भरणाऱ्या हातांना थ्रीडी प्रिंटिंग

राजूर म्हणजे कोळसा आणि चुनाभट्ट्या. वणी तालुक्यातल्या या गावात थ्रीडी प्रिंटिंगच्या प्रशिक्षणाचा विषय काढला तर लोक हसतील. पण कोळसापट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये झिजलेला शाफ्ट भरताना नीट पाहावं. वेल्डर आधी शाफ्ट तापवतो, मग शेजारी शेजारी रन मारत जातो. प्रत्येक रननंतर स्लॅग ठोकून काढतो, आणि शाफ्ट वाकू नये म्हणून समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून भरतो. मापापेक्षा थोडं जास्त भरलं की काम लेथवर जातं. थरावर थर चढवून आकार घडवणं हे त्याचं रोजचंच. आर्कनं तार वितळवून वस्तू रचणाऱ्या प्रिंटिंगमध्ये टॉर्च रोबोट धरतो आणि तिची वाट कॉम्प्युटरवर आखलेली असते. धातू मात्र तसाच वागतो. म्हणूनच या भागात हे शिक्षण वेल्डर-टर्नरपासून सुरू व्हावं.

केंद्राच्या 2022 च्या राष्ट्रीय धोरणात या क्षेत्रासाठी 1 लाख कुशल माणसं घडवण्याचं लक्ष्य आहे. टेबलावरचा प्लॅस्टिकचा प्रिंटर, छोटा कोर्स आणि सर्टिफिकेट एवढ्यावर आकडा गाठता येईलही. पण लेझरनं धातूची पावडर वितळवणाऱ्या यंत्रात 30 ते 60 मायक्रॉनचे थर यंत्रच टाकतं. माणसाची कसोटी आधी आणि नंतर. छपाईच्या प्लेटला चिकटलेल्या भागात ताण अडकलेला असतो. भट्टीत तो न काढता भाग कापून सोडवला तर वाकतो. पुढे छपाईपुरते उभारलेले आधार तोडणं, घासणं, मोजणं. ही फिटरचीच कामं. बारीक पावडर पेट घेते, हे कोळशाच्या धुळीत वावरलेल्याला फार समजवावं लागत नाही.

राजूरला असं महागडं यंत्र कोण बसवणार, हा आक्षेप मान्य. पण खाणीचं पाणी उपसणाऱ्या जुन्या पंपाचा इम्पेलर मिळेनासा झाला, तर त्याचा प्लॅस्टिकचा पॅटर्न साध्या प्रिंटरवर छापून फाउंड्रीत ओतून घेता येतो. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न साधारण 1 टक्का मोठा ठेवायचा. झिजलेल्या पात्याचं मूळ माप काय असेल, याचा अंदाज सॉफ्टवेअर देत नाही, तो मुरलेला कारागीरच देतो. ब्रेक, दोर अशा जिवाशी गाठ असलेल्या भागांना अर्थातच हात लावायचा नाही. पन्नाशीच्या वेल्डरला कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर आकार रेखणं, कसं जमणार, असंही विचारतील. न जमो! वणीच्या आयटीआयतला मुलगा त्याच्या जोडीला द्यावा, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) वर्कशॉपमधला एक झिजलेला इम्पेलर दोघांपुढे ठेवावा, आणि ओतून आलेला नवा इम्पेलर पंपात बसून पाणी चढवतो की नाही, यावरच दोघांना मार्क द्यावेत.