भिंतीजवळची होडी

घारापुरीची लेणीं पाहावयास ज्यांनीं मुंबईच्या अपोलो बंदरावरून जलप्रवास केला असेल, त्यांना धक्क्यालगत होडींत पाय ठेवतांना कशी तारांबळ उडते हें सांगावयास नको. भिंतीजवळ आसरा मिळावा, तेथें उलट त्रास कां व्हावा?

याचें उत्तर असें कीं, उभी भिंत ही लाटांचा आरसा आहे. आलेली लाट तिच्यावर आपटून नाहींशी होत नाहीं. जवळजवळ तेवढ्याच जोरानें परत फिरते. येणाऱ्या व परतणाऱ्या लाटांची बेरीज होऊन २ फूट उंचीची लाट भिंतीपाशीं ४ फुटांची होते. तेथें पाणी केवळ वरखालीं होतें, आणि होडीही तशीच उचलली व आपटली जाते. मात्र भिंतीपासून लाटेच्या लांबीच्या चतुर्थांशावर निराळाच प्रकार दिसतो. तेथें पाण्याची पातळी फारशी बदलत नाहीं, पण पाणी पुढेंमागें सर्वांत वेगानें धांवतें, व पृष्ठभागाचा उतारही तेथेंच सर्वांत अधिक होतो. त्यामुळें होडी कलंडते आणि तिचे दोर ताणले जातात. ४ सेकंदांच्या अंतरानें येणारी लाट खोल पाण्यांत सुमारें २५ मीटर लांब असते. म्हणजे ही जागा भिंतीपासून अवघ्या ६ मीटरांवर आली! घरच्या हौदांत फळीनें एका ठेक्यांत लाटा उठवाव्या, व एक बूच भिंतीपाशीं, दुसरें थोडें थोडें दूर सोडून पाहावें. दोन्ही प्रकार डोळ्यांना दिसतील.

आरशाची उपमा आणखी एका कामीं येते. होडी हलली कीं तिच्यापासूनही लाटा निघतात, व भिंतीवरून परतून तिलाच येऊन भिडतात. गणिती तर भिंत मनांतून काढूनच टाकतात, आणि पलीकडे तितक्याच अंतरावर एक जुळी होडी डुलत आहे असें मानतात. आपल्याच प्रतिबिंबाचे धक्के खाणारी ही होडी! अंतर थोडें बदललें तरी हे धक्के वाढतात किंवा घटतात. मोठें जहाज भिंतीला लागून उभें असतां मधल्या चिंचोळ्या फटींतील पाण्याच्या स्वाभाविक ठेक्याशीं लाटांचा ठेका जुळला, तर तें पाणी बाहेरच्या लाटेहून कितीतरी अधिक उसळतें.

तेव्हां आरसाच अंधुक करावा, हा उपाय. उतरत्या दगडी बांधावर लाट फुटून तिचा जोर खर्ची पडतो. १९६१ सालीं जार्लां यांनीं भोंकें असलेली भिंत व तिच्यामागें पोकळ कोठी अशी योजना मांडली. भोंकांतून आंतबाहेर करतांना पाण्यांत भोंवरे उठतात व परतणारी लाट दुबळी होते. जेथें अशी सोय नाहीं, तेथें शहाणा तांडेल मधें जुने टायर अडकवितो, आणि उतारू चढतांच होडी धक्क्यापासून दूर नेतो.